तंबूवाल्यानं कापलेला भाग

मला सिनेमातलं काही कळत नाही. पण मत द्यायला काही कळावं लागतं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. नायक शहाणा की बावळट हे मी पहिल्याच गाण्यात त्याच्या केसांवरून सांगते, आणि जी बाई खलनायकाला प्रेमानं जेवायला वाढते ती शेवटी मरणार, यात मला कधी शंका आलेली नाही. ही खोड मला तारापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालता घालता लागली, आणि लावली माझ्या आईनं.

साठच्या दशकात आमच्याकडे 'नवा सिनेमा' कशाला म्हणत, ते आधी सांगते. मुंबईत एखादा सिनेमा लागायचा, गाजायचा, उतरायचा, लोक त्यातली गाणी विसरायचे, आणि मग त्याच्या झिजलेल्या रिळांच्या पेट्या बोईसर स्टेशनात उतरायच्या. तोवर त्यातल्या कोवळ्या नायिकेचं पडद्याबाहेर लग्न होऊन तिला मूलही झालेलं असायचं. इकडे मात्र बैलगाडीला कर्णा बांधून 'एकदम नवा खेळ' असा पुकारा चालायचा, आणि आम्ही तो खरा मानायचो.

भात कापून झालं की बोईसरच्या मोकळ्या शेतात तंबू पडायचा आणि पावसाआधी उठायचा. वीज केंद्राचं बांधकाम निघालं तशी तिथली गर्दी वाढली. देशावरून माणसं आली, त्याहून लांबून आली, आणि शिट्ट्याही आता हिंदीत वाजायला लागल्या असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली होती आणि आळीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

तंबूत जमिनीवर बसायचं. मध्ये कापड बांधलेलं, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत सगळे शेंगा सोलत आधीच्या रिळाची लाज काढायचे. तंबूवाला घाटावरचा, गोलमटोल, गोड बोलणारा. पण उशीर झाला की तो सरळ एखादं रीळ गाळायचा. एकदा आमच्यासमोर नायिका आंधळी झाली, दिवे लागले, दिवे गेले, आणि बाई सुईत दोरा ओवत बसलेली. मधल्या देवळात की दवाखान्यात काय झालं ते तंबूवाल्यालाच ठाऊक. तेव्हापासून त्याच्यावर आमचा विश्वास नव्हता.

विश्वास होता तो आईवर. आई आठवड्यातून एकदा सुक्या मासळीची पाटी घेऊन बोईसरहून मुंबईला जायची. माल विकला की दुपारचा खेळ बघते आणि मग गाडी धरते, असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी बोंबील वाळवताना तो सिनेमा आम्हाला मिळायचा. बांबूंना दोऱ्या ताणलेल्या असत. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची, हे आमचं काम. आई गोष्टीत अटीतटीला आली की हातातली जोडी तशीच धरून थांबायची, आणि अख्ख्या आळीतल्या बायका आपापले बोंबील हातात धरून तिच्याकडे बघत राहायच्या.

तिच्या सिनेमांत कुणी फार वेळ रडत नसे. रडत बसली तर मावरं, म्हणजे मासळी, नासतं, असं ती म्हणायची, मग नायिका राजाची मुलगी का असेना. सासू हटकून तोंडावर पडायची. नायक दिसायला बरा पण कामाचा नसायचा, शेवटी सगळं बाईलाच निस्तरावं लागायचं. थेटराबाहेर लावलेल्या चित्रांवरून ती पुढे येणाऱ्या सिनेमांचंही भविष्य सांगायची. अमक्या चित्रात नायकानं एवढं नाक वर केलंय की पडणारच. तमक्यात बाईच्या हातात बंदूक दिलीय, पण धरलीय लाटण्यासारखी, तेव्हा शेवटच्या रिळात रडेल. मी ही मतं पाठ करून विहिरीवर माझी म्हणून खपवायचे.

आता यातले बहुतेक सिनेमे आमच्या तंबूत कधी आलेच नाहीत. जे आले, त्यात आणि आईच्या गोष्टीत फरक दिसायचा. पण आमच्या आळीचा निवाडा सरळ होता. आईनं सांगितलेलं जे पडद्यावर दिसत नाही, ते तंबूवाल्यानं कापलं.

मग मुंबईला एक सिनेमा लागला, चक्क आम्हा कोळ्यांचा. आईनं तो सांगितला तेव्हा दुपारभर एक दोरी भरली नाही. कोळ्याची पोर, तिचं एका शेठच्या मुलाशी जमलेलं. शेठ मुलाचं लग्न दुसरीकडे ठरवतो. पोर पाटी डोक्यावर घेऊन भर लग्नात बंगल्याच्या दारात जाते. दारवान तिला अडवतो, म्हणतो वास येतो, पाहुणे उठून जातील. ती काही बोलत नाही. दाराच्या मधोमध पाटी उतरवते आणि तिच्यावर बसते. आतले आत, बाहेरचे बाहेर, नवरीचा मामाही अडकलेला. शेवटी म्हातारा शेठ स्वतः येतो, ती पाटी उचलून आपल्या डोक्यावर घेतो आणि पोरीला म्हणतो, चल आत.

हा दारवानाचा भाग बायकांनी तिच्याकडून कितीदा सांगून घेतला असेल. आत्यानं तर ऐकताना दोनदा डोळे पुसले आणि खारं वारं लागतंय म्हणाली. आईही तो दर वेळी अगदी सावकाश सांगायची.

वर्षभरानं तोच सिनेमा बोईसरला आला. त्या आठवड्यात भांग होती, म्हणजे भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढ नव्हती, जाळी टाकून उपयोग नव्हता. म्हणून पुरुषमंडळीही मोकळी होती. अख्खी आळी बैलगाड्यांतून निघाली. आई तेवढी डोकं दुखतंय, तुम्ही जा, म्हणत होती. पण ज्या बाईनं गोष्ट सांगितली तिलाच घरी ठेवून कसं जायचं? आत्यानं तिला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

सिनेमा कसा होता ते मी मनापासून सांगते. असला भिकार सिनेमा मी पुन्हा पाहिला नाही. नायक, म्हणजे शेठचा मुलगा, पोरीपायी कोळी झाला होता; त्यानं रेशमी लुंगी नेसली होती आणि तिला शेवटपर्यंत पाणी लागलं नाही. वादळ आलं तेव्हा कुणीही शीड उतरवतं. यानं चढवलं आणि वर गाणं म्हटलं. कापडापलीकडून माझे वडील त्याला तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, म्हणून कुणाच्या होडीवर लावायचा, यावर बोली लावत होते. मग त्यानं भर समुद्रात जाळं फेकलं आणि त्यातून निघाला रोहू, गोड्या पाण्यातला मासा, तोही मरून दोन दिवस झालेला. सगळा तंबू हसला. फक्त बांधकामावरचे लोक आम्ही का हसतो ते विचारत राहिले. नायिकेच्या कमरेवरच्या पाटीत मोजून तीन पापलेटं आणि वर मोगरा. एवढ्या मालावर संसार होत असता तर आम्ही सगळ्या नायिका झालो असतो.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं, कारण पुढे दारवान यायचा होता. तो आला नाही. शेठचा बंगला आला, लग्न आलं, सनई वाजली, आणि पोर बंगल्याकडे न जाता समुद्राकडे पळाली. तिनं पाण्यात जीव दिला. पाणी गुडघ्याएवढं होतं. दिवे लागले.

क्षणभर कुणाला कळेना. मग आत्या उठली आणि तिनं जाऊन तंबूवाल्याचा सदरा धरला. दारवानाचं रीळ कुठाय, एवढंच तिनं विचारलं. तो आपल्या आईची शपथ घेऊ लागला, पेट्या उघडून दाखवू लागला. पण ज्यानं आंधळीला एका झटक्यात डोळे दिले, त्याच्या शपथेला कोण भुलणार? बायका तंबूच्या तोंडाशी ठाण मांडून बसल्या. रीळ लावल्याशिवाय हलणार नाही, म्हणाल्या. पुरुषांनी बाह्या सारल्या आणि दोघेजण तंबूच्या दोऱ्या सोडायला लागले. दोऱ्यांच्या गाठी हे आमचं रोजचं काम, एका अंगाचं कापड खाली यायलाही लागलं. तंबूवाला रडवेला झाला. त्याचं पोट होतं ते.

आई तेवढी गाडी जुंपा, घरी चला, असं ज्याला त्याला सांगत होती. कुणी ऐकेना. मग ती आत्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "त्यानं काय नाय कापलं. दारवान सिनेमात नव्हताच. त्यो मी घातला."

आत्यानं सदरा सोडला नाही. नव्हता कसा, तू तर बघून आलीस, असं ती म्हणाली.

"मी कवाच आत गेले नाय. पयल्या वेळी गेलते, तिकीट काडून. दारावरच्यानं बाजूला काडली. म्हनला, मावऱ्याचा वास येतो, लोक उठून जातील. तवापासून मी भायेरची चित्रं बघते आनि गाडी धरते."

दोऱ्या सोडणारे दोघे दोऱ्या हातात धरून तसेच उभे राहिले. मला राग आला. आईचा नाही. इतकी वर्षं ती दर आठवड्याला त्या दारासमोरून रिकामी पाटी घेऊन परत येत होती आणि आम्हाला त्यातून हसवत होती, हे मला सहन होईना. तिला वाटत होतं आता आपली पत गेली. मान खाली घालून ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. बाजारात पोलिसाशी भांडणारी ही बाई मी अशी कधी पाहिली नव्हती.

आत्यानं तंबूवाल्याचा सदरा सोडला, चुरगळला होता तो हातानं सरळ केला, आणि आईकडे वळली.

"मंग ह्याच्यापरीस तुजा बरा हाय," ती म्हणाली.

दोऱ्या पुन्हा बांधून देण्यात आल्या, आधीपेक्षा घट्ट. घाम पुसत तंबूवाला म्हणाला की असं रीळ त्याच्याकडे असतं तर त्यानं ते दोनदा लावलं असतं. गाडीत परतताना त्या सिनेमातलं एकही गाणं कुणी गुणगुणलं नाही. अर्थात गाणीही तशीच होती.

पुढल्या आठवड्यात आई मुंबईला निघाली तेव्हा आत्याही पाटी घेऊन दारात उभी. कित्येक वर्षांत ती मुंबईला गेली नव्हती. मला म्हणाली, तूपण चल, सिनेमातलं तुला फार कळतं ना. माल विकून झाल्यावर तिनं आम्हाला दुसरं काही करूच दिलं नाही. आईला पुढे घातलं आणि म्हणाली, दाखव कुठलं थेटर ते.

दारावरचा माणूस तोच होता की दुसरा, ते आईला ठाऊक. तिनं सांगितलं नाही. आमच्या हातात तिकिटं होती. त्यानं आधी पाट्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि हात आडवा केला. आईचं पाऊल लगेच मागे आलं, सवयीचं. आत्या मात्र काही बोलली नाही. तिनं दाराच्या मधोमध पाटी उतरवली आणि तिच्यावर बसली.

मागची रांग थबकली. पुढे काय झालं म्हणून लोक माना उंचावू लागले. माणूस ऊठ म्हणाला, आत्यानं लुगडं नीट केलं. तो ओरडला, तिनं कमरेची चंची काढून पान लावायला घेतलं. शेवटी आतून मॅनेजर आला, नाकाला रुमाल लावून. त्यानं तिकिटं पाहिली, रांग पाहिली, आत्याला पाहिलं आणि जाऊ दे म्हणाला. पाटी काही त्यानं डोक्यावर घेतली नाही. सिनेमात आणि खऱ्यात एवढा फरक राहणारच.

आत बसलो तर थोड्या वेळात आमच्या दोन्ही अंगांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. वास येत होता, खोटं कशाला बोलू. आम्ही त्या खुर्च्यांवर पाट्या ठेवल्या आणि ऐसपैस बसलो. आत्या गाण्यागाण्याला जाग आली की नायकाला शिव्या घालायची आणि पुन्हा झोपायची. मी अधूनमधून आईकडे बघत होते. पडद्यावर कुणी मरत होतं, कुणी नाचत होतं. आईचं लक्ष तिथं फारसं नव्हतं. ती सारखी मान वळवून मागे बघत होती, जिथून आम्ही आत आलो त्या दाराकडे, आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी बोंबलांच्या दोऱ्यांपाशी आळी आधीच जमलेली होती. आईनं सुरुवात केली. दारावरच्या माणसाच्या मिशा, त्याचा आडवा हात, आत्या कशी बसली, पान कसं लावलं, रांगेतली एक जाडी बाई कशी हळूच 'बरं केलंत' म्हणाली, मॅनेजरचा रुमाल कसा होता. मॅनेजर पुढे येतो तिथं तिनं हातातली जोडी धरून ठेवली, आणि आम्ही सगळ्याही थांबलो, मीसुद्धा, जी तिथं होते. सांगता सांगता दुपार कलली.

शेवटी एकीनं विचारलं, "आनि वयनी, सिनेमा कसा व्हता?"

आईनं हातातली जोडी दोरीवर टाकली.

"सिनेमा काय," ती म्हणाली, "नेहमीचाच."