आक्कांना मागे बसवून घाट चढताना

निघायच्या आधी उस्ताद स्कूटरकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला वाटेत एकदा जरी उतरून चालावं लागलं, तर उद्यापासून तू परत पंक्चरवर." एवढं बोलून ते मिसळीच्या रश्श्यात पाव बुडवायला लागले. मी माझी प्लेट अर्धी टाकून उठलो, आणि नाशिकची मिसळ ही टाकून उठायची गोष्ट नाही.

मी मूळचा वडशाचा. गडचिरोली जिल्हा, म्हणजे महाराष्ट्राचं पार दुसरं टोक. नववीत शाळा सुटली आणि हे काम, ते काम करत इथे पंचवटीतल्या गॅरेजात येऊन टेकलो. इथे सगळे मला 'नागपूर' म्हणतात. वडसा नागपूरच्याही पुढे आहे हे सांगून मी थकलो. दुपारचा डबा उस्तादांच्या घरून येतो. तो करतात आक्का, म्हणजे उस्तादांच्या आई. माझ्या डब्यात त्या भात जास्त भरतात, कारण आमच्याकडच्या माणसाचं पोळीवर भागत नाही हे त्यांनी मी न सांगता ओळखलं. त्यामुळे आक्कांपुढे माझी जीभ जरा जडच होते.

स्कूटर आक्कांचीच. छोटी, टू-स्ट्रोक, ऑईल मिसळून पेट्रोल पिणारी. आक्कांची धाकटी बहीण सुमनमावशी सुरगाण्याच्या अंगाला, घाटावर राहते. "ते डबडं भंगारात घाल आणि एसटीने ये," असं ती फोनवर म्हणाली, आणि आक्कांनी ठरवलं की जाईन तर स्कूटरवरूनच. मग उस्तादांनी मोटरसायकलचा मोठा कार्बोरेटर आणला, स्कूटरचं डावीकडचं पॅनल कापलं आणि तिथून एक मोदकाएवढा उघडा फिल्टर बाहेर काढला, भरपूर हवा मिळावी म्हणून. कार्बोरेटरचं काम चुलीसारखंच. हवा कमी पडली की धूर, जास्त झाली की नुसता भडका आणि भांडं करपतं. हे हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचं काम उस्तादांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोडलं होतं. मागे वाळूची गोणी बांधून मी म्हसरूळच्या चढावर चाचणी केली होती. आक्कांचं वजन विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणून गोणी अंदाजाने भरली. स्कूटर अशी चढली की मला रडूच यायचं बाकी होतं.

तर थंडीतली सकाळ, आक्का मागे डाव्या बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर बहिणीसाठी चिवड्याची पिशवी.

दिंडोरीच्या रस्त्याला लागलो की दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा. आमच्याकडे धानाची बांधी (भाताचं शेत) बघून मोठा झालेला माणूस मी, मला या तारांवर चढवलेल्या वेलींचं अजून नवल वाटतं. घड कागदात गुंडाळून ठेवतात इथे. ट्रॅक्टर फवारणी करत होते. आक्का म्हणाल्या, "बघ, आमच्याकडे द्राक्षांनासुद्धा स्वेटर असतो. आणि तू हाफ शर्टात निघालास."

मी हसलो, गिअर नसलेल्या त्या गाडीचा कान, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पिळला, आणि गाडी भुर्रर्र न म्हणता 'बू' म्हणाली. मागून काळा धूर. बंद.

मी प्लग काढून बघितला. काळाकुट्ट, ओला. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. मी हवेचा स्क्रू थोडा ढिला केला. आक्का उतरून बांधावर उभ्या होत्या. गाडी सुरू केली तर आवाज एकदम गोड. आक्का बसल्या, निघालो. दिंडोरी ओलांडली आणि परत 'बू'.

आता मी कार्बोरेटरच उघडला. कार्बोरेटरमध्ये एक सुई असते, ती खाली बसवली की पेट्रोल आणखी कमी होतं. रस्त्याच्या कडेला रुमाल अंथरून ती मी खाली बसवली. तेवढ्यात उस्तादांचा फोन आक्कांना.

"कुठपर्यंत पोचले?"

"द्राक्षं बघतोय," आक्का म्हणाल्या.

"गाडी काय म्हणते?"

"गाडी काय म्हणणार? तुझ्यासारखीच, सकाळी सकाळी बोलायचं जिवावर येतं तिला."

फोन ठेवून त्यांनी मला चिवडा दिला. मी खाल्ला, पण चव लागली नाही. वणीच्या अलीकडे एक साधं टेकाड आहे, घाट नव्हे. तिथे गाडी अशी अडली की आक्का उतरल्या आणि साडी सावरत चालू लागल्या. मी मागून रिकामी स्कूटर घेऊन वर गेलो. एकट्याला ती फुलासारखी चढली. त्याचंच जास्त वाईट वाटलं. आक्का चालल्या होत्या. पंक्चरची पाण्याची टाकी माझ्या डोळ्यांसमोर आली.

वणी सोडली, बागा संपल्या, डोंगर जवळ आले. घाटाच्या पायथ्याशी एक बाई टोपलीत स्ट्रॉबेरी घेऊन बसली होती. गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसलेलं लुगडं, डोक्यावर टॉवेल. आक्का म्हणाल्या, "थांब, इथलं खाल्ल्याशिवाय मी वर येत नाही." मी स्कूटर मोठ्या स्टँडवर लावली. इंजिन बंद केलं नाही, कारण परत सुरू होईल याची खात्री नव्हती. आक्का सीटवर तशाच आडव्या बसल्या आणि स्ट्रॉबेरी खायला लागल्या. मी बाजूला उकिडवा बसून एका हाताने कान पिळला, आवाज ऐकायला.

आक्कांच्या साडीचा घोळ हलला. वारा नव्हता. घोळ हळूच फिल्टरकडे गेला आणि त्याला असा चिकटला जसं कोणी तोंडावर हात ठेवावा. 'बू.' काळा धूर.

मी कान सोडला. घोळ सुटला. आवाज गोड. परत पिळला. परत चिकटला.

वाळूच्या गोणीने साडी नेसली नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आता मंडळी, खरी अडचण इथे होती. मी सकाळपासून हवा वाढवत आणि पेट्रोल कमी करत आलो होतो. साडी बाजूला झाली तर तेच प्रमाण उलटं होणार, आणि टू-स्ट्रोक इंजिन कमी पेट्रोलवर, म्हणजे कमी ऑईलवर घाट चढलं तर तापून जाम होतं. म्हणजे सगळं मुळासारखं करायचं आणि साडी आवरायची. पैकी पहिलं मला येत होतं. दुसरं कोणत्या तोंडाने सांगू? जिच्या हातचा भात खातो, तिला म्हणायचं की तुमची साडी आडवी येते?

"आक्का, जरा असं... म्हणजे तुम्ही थोडं उजवीकडे..."

"का रे, मी जड झाले?"

"नाही नाही."

"मग?"

"बसा तुम्ही. मी बघतो." आणि मी परत स्क्रू ड्रायव्हर उचलला. घाटाचा पहिला चढ समोर दिसत होता. स्क्रूवर टोक टेकवलं आणि हात थांबला. हा स्क्रू आणखी फिरवला तर गाडी वर जाऊन जाम होणार, एका अंगाला दरी, आणि मागे आक्का.

"आक्का," मी स्कूटरकडे बघत म्हणालो, "गाडी तुमची साडी ओढते. फिल्टर बंद होतो. सकाळपासून तेच होतंय. हे बघा." आणि कान पिळून दाखवला.

आक्का वाकून बघत राहिल्या. घोळ चिकटला, सुटला, चिकटला. मग त्यांनी स्वतः हात लांब करून कान पिळला, दोनदा. "म्हणजे मी त्या टेकाडावर चालले ते माझ्याच साडीपायी?"

"हो."

"आणि तू मघापासून तोंड एवढंसं करून बसलायस?"

त्या अशा हसायला लागल्या की स्ट्रॉबेरीवाल्या बाईने विचारलं, "काय झालं वं आजी?" आक्कांनी सांगितलं. बाई म्हणाली, "त्यात काय, आमच्यासारका कासोटा घाल. दोन्हीकडं पाय टाकून बस. लय सोपं हाय." आणि तिने टॉवेलचा आडोसा धरून आक्कांना कासोटा घालून दिला. तोवर मी सुई वर घेतली, स्क्रू आधीच्या खुणेवर आणला. खुणा मी नेलपॉलिशने केल्या होत्या, त्या बऱ्या सापडल्या.

मी जन्मात गाडी घाटावर चढवली नव्हती. आमच्याकडे जमीन सपाट, वळण आलं तर ते झाडासाठी. इथे वळणावर आभाळच समोर येत होतं. पण इंजिनचा आवाज एकसारखा, खालून वरपर्यंत. निम्म्यावर थांबून प्लग पाहिला तर चॉकलेटी, जसा हवा तसा. आक्का मागे घोड्यावर बसल्यासारख्या बसून प्रत्येक एसटीवाल्याला हात करत होत्या.

सुमनमावशी ओट्यावर होती. "ताई, हे काय गं ध्यान?"

"ध्यान नाही, ट्यूनिंग आहे," आक्का म्हणाल्या, आणि उतरल्या.

जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, आणि उडदाची आमटी. माझ्यापुढे न मागता भात आला. आक्कांनी बहिणीच्या कानात काय सांगितलं ते मी समजलो.

उतरताना काही झालं नाही, म्हणून लिहायला काही नाही. दिवस मावळायच्या आत गॅरेजला पोचलो. उस्ताद दारातच. आईच्या कासोट्याकडे त्यांनी दोनदा बघितलं. मग म्हणाले, "चालावं लागलं का?"

मी हँडल धरून उभा राहिलो.

"लागलं," आक्का म्हणाल्या. "वणीच्या अलीकडे, चांगलं टेकाडभर. गाडी माझी साडी खात होती. बाईमाणूस बसणार माहीत असून फिल्टर डावीकडे काढलास कसा रे तू? या पोराने शोधून काढलं म्हणून, नाहीतर तुझी आई आणि तुझं इंजिन दोन्ही घाटातच राहिलं असतं."

उस्ताद स्कूटरपाशी आले. उकिडवे बसले, फिल्टरवरून बोट फिरवलं. मग वर न बघता म्हणाले, "कुठे काढायचा मग?"

मला वाटलं आक्कांना विचारताहेत.

"नागपूर, तुला विचारतोय."

मी सीटखालची, आतली जागा दाखवली. "तिथे हवा कमी पडेल," ते म्हणाले. "पुढच्या पॅनलला भोकं पाडावी लागतील," मी म्हणालो, "आणि सेटिंग सगळं नव्याने." त्यांनी ड्रिल मशीन माझ्याकडे सरकवलं.

वडशाहून निघाल्यापासून एक सवय अंगात मुरली आहे. परक्यांच्या घरी आहोत, तेव्हा काही बिघडलं की आधी आपलंच काही चुकलं असणार. त्याने माणूस नम्र राहतो, हे खरं. पण त्या नम्रपणापायी मी एक चांगलं इंजिन जाळायच्या बेतात होतो, तेही ज्यांचे उपकार त्यांनाच मागे बसवून. पॅनलवर भोकांच्या खुणा मी खडूने केल्या. उस्तादांनी त्यातली एक पुसून दोन बोटं खाली केली. मी थोडा विचार केला, ती पुसली आणि परत वर केली. ते बघत होते. मग उठून त्यांनी ड्रिलची वायर बोर्डात लावली.