पिनला हात लावू नका

नखांचा रंग पुसायच्या द्रवाचा वास येतो ना – गोडसर, थंड, पिकून पुढे गेलेल्या फळासारखा – तो आला की मी खोलीतून उठून जाते. घरातल्यांना वाटतं, त्या वासानं माझं डोकं दुखतं. मीच तसं सांगितलं आहे. डोकं दुखत नाही. कधीच दुखलं नाही. खरं कारण मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. कवितेतसुद्धा नाही, आणि कवितेत तर मी सांगू नयेत अशाही पुष्कळ गोष्टी सांगून बसले आहे.

तो वास आमच्या कारखान्याचा होता. निफाडकडची द्राक्षं परदेशी जायची, त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या अंबडच्या त्या कारखान्यात छापल्या जात. शाई पातळ करायचा द्रव दिवसभर उडत राही आणि संध्याकाळी माझ्या साडीच्या निऱ्यांमधून, केसांमधून, डब्यातल्या उरलेल्या पोळीतूनसुद्धा घरी येई. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली, वृत्तं आणि अलंकार शिकलेली. प्राध्यापकी मिळाली नाही म्हणून एक पदविका केली आणि नव्वदच्या दशकात तिथे पर्सोनेल ऑफिसर झाले. हजेरी, रजा, गणवेश, भांडणं – आणि गेट.

गेट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमचे सुरक्षा रक्षक एजन्सीचे नव्हते, कंपनीच्याच पगारावरचे होते. आणि कंपनीच्याच पगारावरचे म्हणजे – यंत्रावर निरुपयोगी ठरलेले. कुणाची पाठ गेलेली, कुणाची नजर अधू झालेली. अशा माणसाला काढून टाकत नसत, त्याला ‘गेटवर टाकत’. हाच शब्द होता, टाकत. खाकी शर्ट, शिट्टी, काठी दिली की झाला सुरक्षा रक्षक. शिक्षण? परवाना? तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

मग नवं शतक उजाडलं आणि सगळेच विचारू लागले. खासगी सुरक्षेचा नवा कायदा आला. एजन्सीला परवाना हवा, तिच्या रक्षकाला प्रशिक्षण हवं – ठीक. पण गेटवरच्या आमच्या पोपटनानांचं काय? ते एजन्सीचे नाहीत, मग त्यांना शिकवायचं की नाही? मी या सरकारी खोलीतून त्या खोलीत गेले. एकानं सांगितलं लागू आहे, दुसऱ्यानं सांगितलं नाही, तिसरा म्हणाला जेवणानंतर या. शेवटी आमच्या कामगार सल्लागारांनी निकाल दिला : “मॅडम, तुमची माणसं एजन्सीची नाहीत, म्हणून कायदा नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस विचारणारच, म्हणून कायदा आहे.” सांगा, अशा वाक्याचं माणसानं काय करावं? आजही आठवलं की कानशिलं तापतात.

पण हा वैताग मी मुद्दाम घोळवते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वैतागाच्या आड उभं राहायला बरं असतं. सावली पडते.

तर – शिकवणं अशक्य नव्हतं. नाशिकरोडचे एक निवृत्त सुभेदार यायला तयार होते. अर्धा दिवस माणसं मोकळी करून द्या, म्हणाले, आग लावून विझवून दाखवतो, एकेकाच्या हातानं विझवून घेतो. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर ते हसले : “गेटवर बसायला शिकवणी? उद्या खुर्चीला गाइड लागेल.” मी तिथे वाद घालायला हवा होता. माझ्या पदाला तेवढं वजन होतं. घातला नाही. का? साहेबांचा धाक म्हणावं तर तसा फारसा नव्हता. खरं कारण त्याहून क्षुल्लक आहे, म्हणूनच तोंडातून निघत नाही. त्या संध्याकाळी वाचनालयात माझं काव्यवाचन होतं. मला लवकर निघायचं होतं.

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. मी दुपार कलल्यावर गेटवरच्या माणसांना अंगणात उभं केलं. भिंतीवरची लाल नळकांडी – आग विझवायची – एकेकाच्या हातात दिली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. प्रशिक्षण म्हणजे फोटो, एवढंच मी ठरवलं होतं. ऊन पाठीमागून येत होतं. माझीच लांब सावली त्यांच्या बुटांपर्यंत गेली होती आणि ती फोटोत येऊ नये म्हणून मी अंग चोरत होते.

पोपटनाना कडेला होते. हे सायखेड्याचे. बॉयलरवर पाठ धरली म्हणून गेटवर टाकलेले. मला ते आवडत नसत, हेही आता सांगून टाकते. फार बोलत. सगळे मला ‘मॅडम’ म्हणत, हे ‘ताई’ म्हणत, आणि त्यांचं एकही वाक्य ‘ताई’शिवाय संपत नसे. द्राक्षांच्या दिवसांत डबाभर मणी आणून माझ्या टेबलावर ठेवत आणि मी खाईपर्यंत हलत नसत. मला संकोच होई, आणि संकोचाचा माझ्याकडे नेहमी रागच होतो.

नळकांडं हातात आल्याबरोबर त्यांनी बोट घातलं ते वरच्या पिनेत. “ही काय करायची, ताई?”

त्या क्षणी मी सांगू शकत होते : ही आधी ओढायची, मग दांडा दाबायचा. श्वासाइतकं वाक्य होतं. पण पिन ओढली की सील तुटणार. सील तुटलं की नळकांडं पुन्हा भरून आणायला हवं. आणि उद्या तपासनीस सील बघणार. मी ओरडले. माझा आवाज चांगला आहे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

“पिनला हात लावू नका! नुसतं धरा, दांड्यावर हात ठेवा आणि इकडे बघा.”

“म्हंजे बायकूच्या डागिन्यावानी. बघायचं, हात नाय लावायचा,” नाना म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही. त्यांनी बोट चटकन मागे घेतलं आणि शहाण्या मुलासारखं पुन्हा म्हणून दाखवलं, “पिनला हात नाय लावायचा, ताई.”

फोटो छान आले. काव्यवाचनही छान झालं.

पुढच्या उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आग लागली. मोठी नव्हती. द्रवानं भिजलेल्या चिंध्यांचा ढीग पेटला होता, शेजारी त्याच द्रवाची पिंपं होती. छपाईची माणसं डबे उघडून बसलेली; आधी पोहोचले ते नाना. आम्ही धावत गेलो तेव्हा ते नळकांडं छातीशी धरून उभे होते आणि दांडा दाबत होते. सगळा जीव एकवटून दाबत होते. दांडा हलत नव्हता. हलणार कसा? पिन जागेवर होती. त्यांनी तिला हात लावला नव्हता.

मग त्यांनी नळकांडं टाकून दिलं, पोतं उचललं आणि हातांनी आग बडवायला लागले. छपाईतल्या कुणीतरी पिन ओढून पावडर मारली. पांढरा ढग उठला. त्या ढगात वास होता तो – गोड, पिकलेला – आणि त्याच्या खाली दुसरा एक. त्या दुसऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मला ते चांगलं जमेल, म्हणूनच करणार नाही.

पिंपं वाचली. नानांच्या उजव्या हाताची बोटं जखमा भरताना एकमेकांना चिकटली. आणि कंपनीला कुणीतरी चुकलेला हवा होता, कारण परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं होतं : रक्षक प्रशिक्षित होता ना? होता, फोटो आहे. मग नळकांडं का चाललं नाही? याचं एकच उत्तर उरत होतं. आरोप मीच लिहिला, शुद्ध भाषेत : ‘रीतसर प्रशिक्षण मिळूनही सुरक्षा साधनाचा वापर करण्यात हयगय.’ हयगय हा शब्द मला सुचला तेव्हा बरं वाटलं होतं. त्याला नाद आहे.

चौकशीला बाहेरचे एक वकील बसले होते. कंपनीच्या वतीनं प्रश्न विचारायचं काम माझं होतं. खिडकीबाहेर ट्रकमध्ये पिशव्यांचे गठ्ठे चढत होते, पंखा करकरत होता. नाना समोरच्या खुर्चीवर, पट्ट्या बांधलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते, जणू कुणी त्यांत काही घालणार आहे. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. हयगय सिद्ध झाली तर नोकरी जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही. त्यांनी फक्त घडलं ते सांगायचं होतं, म्हणजे नोकरी वाचली असती – आणि माझी गेली असती.

ती गेली नाही. मी तिथे पुढेही काम केलं. नंतर त्या आगीवर कविताही लिहिली. लोकांनी ती पुन्हा म्हणायला लावली. त्या कवितेत ज्वाळा होत्या, भाजलेले हात होते. पिन नव्हती.

पण त्या खोलीत परत जाते, तिथेच थांबायचं आहे. तो प्रश्न मी गाळू शकले असते. वकिलांनी तो विचारला नव्हता, साहेबांनी सांगितला नव्हता. मग का विचारला? नाना बोलतील म्हणून? की बोलणार नाहीत हे मला आधीच कळलं होतं म्हणून? मी घसा साफ केला आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात विचारलं : पिनविषयी प्रशिक्षणात तुम्हाला काय सांगितलं होतं?

नानांनी आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढा बोलका माणूस, आणि एकच शब्द बोलला. त्याच्या मागे ‘ताई’ आलं नाही.

“विसरलो.”