पुरणपोळी गाडीतच राहील

नागपूरहून निघताना माझ्या बॅगेत हरभऱ्याची डाळ होती आणि डोक्यावर जावयाने सोपवलेली कामगिरी होती. डाळ विमानतळावर उघडून बघितली, हुंगली, परत बांधून दिली. बूट काढायला लावले, बांगड्या वाजल्या म्हणून दोनदा मागे पाठवलं. कामगिरीबद्दल मात्र कोणी विचारलं नाही.

कामगिरी अशी. माझी एकुलती एक लेक गौरी आर्किटेक्ट आहे. लग्न होऊन न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला गेली. नवरा कॉम्प्युटरवाला, त्याचा कामाचा व्हिसा, हिचा डिपेन्डन्ट. म्हणजे या व्हिसावर बाईने श्वास घ्यायचा, स्वयंपाक करायचा, पण नोकरी करायची नाही. सात वर्षं पोरीने ते केलं. आता नागपूरला ती जिथे शिकली त्याच कॉलेजने तिला शिकवायला बोलावलं होतं, आणि ती रेवाला, म्हणजे माझ्या नातीला, घेऊन परत यायचं म्हणत होती. जावयाचा, मंदाररावांचा फोन आला, "आई, तुम्हीच या आता. माझं ऐकत नाही ती. एप्रिलच्या मध्यापर्यंत कॉलेजला कळवायचंय. तुम्ही समजावलंत तर थांबेल."

मी म्हटलं, बघते. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली बाई मी, लोकांची जोडणी करणं हेच माझं काम. नवराबायको दोन देशांत ही कल्पना मला मुळीच पटत नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर धंतोलीत आमच्या गल्लीत "हिची मुलगी अमेरिकेत असते" हे मला ऐकायला आवडायचं.

अमेरिकेचं पहिलं दर्शन म्हणजे चिमण्या. धुराच्या. विमानतळावरून निघालो तर दोन्ही बाजूंना कारखाने. मी म्हटलं, "मंदारराव, ही तर आपली बुटीबोरी." ते बिचारे हसले आणि म्हणाले, "पुढे हिरवं आहे आई." तासाभराने हिरवं आलं ते इतकं आलं की माणूसच दिसेना. घरं, गवत, झाडांना पांढरा मोहोर, रस्त्याच्या कडेला चरणारी गलेलठ्ठ बदकं, आणि चालणारा माणूस एकही नाही. स्टेशनपाशी मात्र गाड्याच गाड्या उभ्या. लोक सकाळी गाडी स्टेशनवर ठेवतात आणि आगगाडीने न्यूयॉर्कला जातात, असं कळलं. मंदाररावही त्यांतलेच. सकाळी अंधारात जायचे, संध्याकाळी सुकलेल्या तोंडाने यायचे.

दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला तळघरात गेले. वॉशिंग मशीनच्या मागे गौरीचं नकाशे काढायचं टेबल उभं होतं. त्यावर साबणाच्या बाटल्या. खाली जोड्याच्या खोक्यांची घरं, नीट कापलेल्या खिडक्या, जिने, एकाला तर सज्जा. मी विचारलं, "हे रेवाचं?" गौरी म्हणाली, "रेवाचं म्हणून करते." मी समजावायला तोंड उघडलं आणि साबण कुठला घालायचा ते विचारलं.

रोज दुपारी आम्ही कालव्याच्या काठाने फिरायला जायचो. मी रोज विषय काढायची तयारी करायची आणि रोज ती विषय बदलायची. कळवायची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. मंदारराव संध्याकाळी आल्यावर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची. त्यांचा चेहरा उतरायचा.

अशातच शेजारच्या एस्थरबाईंचं आमंत्रण आलं. पंच्याहत्तरीच्या निवृत्त शिक्षिका, नवरा सॅम. वाचनालयात गौरी फुकट काम करायची, तिथली ओळख. बुधवारी त्यांचा सेदर होता. सेदर (ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाचं विधीचं जेवण, मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या गुलामीतून त्यांचे पूर्वज सुटले त्याची आठवण) दरवर्षी व्हायचा, पण मुलं कॅलिफोर्नियात, आणि या विधीत प्रश्न विचारायला घरातलं लहान मूल लागतं. म्हणून रेवा हवी होती. तिच्यासोबत आम्ही.

सणाला दुसऱ्याच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? मी सकाळीच पुरण घातलं. कणीक तेल लावून दोन तास मुरवली, जायफळ किसलं, वर तूप. चांगला डबा भरला. गौरी तोवर रेवाकडून तिचे प्रश्न पाठ करून घेत होती, तिने स्वयंपाकघरात डोकावलंसुद्धा नाही.

एस्थरबाईंनी दार उघडलं, मला मिठी मारली, डबा बघितला आणि विचारलं, "हे काय?" गौरीने समजावलं. बाईंचा चेहरा पडला. या सणात गव्हाची भिजवून ठेवलेली कणीक घरात चालत नाही. पूर्वज इतक्या घाईने पळाले की पीठ फुगायला वेळच मिळाला नाही, म्हणून आठ दिवस सगळे न फुगलेला मात्झा (कडक पापडासारखी पोळी) खातात.

"पण आमची पोळी कुठे फुगते?" मी म्हटलं. "यीस्टचा कणही नाही."

"किती वेळ भिजली?" सॅमनी विचारलं.

"दोन तास."

त्यांच्या हिशेबात पीठ भिजल्यापासून अठरा मिनिटांत भाजलं नाही तर ते फुगलेलंच. मी म्हटलं, बरं, वरचं आवरण काढून टाकू, पुरण तर चालेल? ते डाळीचं आहे. एस्थरबाई आणखी कानकोंड्या झाल्या. त्यांच्या आजीच्या गावाकडच्या रिवाजाप्रमाणे डाळही वर्ज्य. म्हणजे जगातला नेमका तो एक पदार्थ मी करून आणला होता ज्यात आत-बाहेर दोन्ही वर्ज्य. मंदारराव हळूच म्हणाले, "आई, द्या इकडे. पुरणपोळी गाडीतच राहील." आणि डबा घेऊन गेले.

मग बसलो. आपल्याकडे पोथीचे अध्याय संपल्याशिवाय प्रसाद नाही, तसंच त्यांचं. समोर ताट, पण खायचं नाही. ताटात एक हाड. मी विचारलं कसलं, तर म्हणे कोकराचं. सुटकेच्या रात्री देवाने सांगितलं होतं, कोकरू बळी द्या आणि त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावा, म्हणजे मृत्यू ते घर सोडून पुढे जाईल. मी माझी खुर्ची जरा सरकवली. पण चौकटीला लावायचं हे मला कळलं. आपण तोरण बांधतो, ह्यांच्यावर तसा प्रसंग होता.

रेवाने प्रश्न विचारले, आजची रात्र वेगळी का वगैरे, एकही चुकली नाही. मग सॅमनी गोष्ट सांगितली. फारो राजा, विटा थापणारे गुलाम, सोडत नाही म्हटल्यावर आलेली दहा संकटं. एकेक संकटाचं नाव घेऊन पेल्यातून द्राक्षरसाचा एक थेंब बोटाने काढून ताटात टाकायचा. शत्रू का असेना, त्याचे हाल झाले, तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला नको. हे मला फार आवडलं. बेडूक झाले, मग उवा आल्या. रेवा म्हणाली, "We had that in kindergarten." सॅम इतके हसले की त्यांचा चष्मा मात्झावर पडला.

गोष्ट संपल्यावर एस्थरबाई म्हणाल्या, "आमच्या घरी एक रीत आहे. प्रत्येकाने आपापला मिसर सांगायचा. तुम्हाला कशाने बांधून ठेवलंय?" सॅम म्हणाले, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. एस्थरबाई म्हणाल्या, सॅम. मी म्हटलं, माझे गुडघे. मंदारराव म्हणाले, सकाळची सहा पाचची गाडी. हसणं चाललं होतं.

गौरी म्हणाली, "This house."

रेवाने मात्झा मोडला तो आवाजसुद्धा मोठा वाटला. मंदारराव मराठीत म्हणाले, "म्हणजे मी फारो?"

"मी असं म्हटलं का?"

"मग कोण राहिलं? बेडूक?"

काहीतरी करायला हवं म्हणून मी समोरची वाटी ओढली. पांढरा किसलेला कडू मुळा, गुलामीचा कडवटपणा आठवायला खायचा. चिमूटभर घ्यायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. ठेच्यावर वाढलेली बाई मी, मला पांढऱ्या चटणीची काय भीती, म्हणून चमचाभर मात्झावर घेतला आणि तोंडात घातला. तो घशात गेलाच नाही, सरळ नाकातून डोक्यात गेला. डोळ्यांतून धारा लागल्या. एस्थरबाईंना वाटलं, लेकीसाठी रडते. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि त्याही रडू लागल्या. मला बोलता येईना, आणि थोड्या वेळाने मीही खरंच रडत होते.

जेवण आलं. सूप कोंबडीचं, मग गोमांस. माझ्या वाट्याला बटाटे आणि गाजर. एस्थरबाई गौरीशी बोलत होत्या. म्हणाल्या, "गोष्ट सुटकेवर संपत नाही. हे लोक वाळवंटात पोचले आणि कुरकुर करायला लागले. मिसरमध्ये काकड्या होत्या, कांदे होते, लसूण होता. परत जाऊ या म्हणाले." मी म्हटलं, कांदा-लसणासाठी? आमच्याकडे चातुर्मासात लोक हौसेने सोडतात. पण गौरी हसली नाही. ती म्हणाली, "मला भीती त्याचीच वाटते. तिकडे गेल्यावर मला इथलं आठवलं तर?" एस्थरबाई म्हणाल्या, "आठवेलच." एवढंच. समजूत वगैरे काही घातली नाही.

जेवणानंतर रेवाने लपवलेला मात्झा शोधायचा खेळ सुरू झाला. फोन करायचा म्हणून मंदारराव बाहेर गेलेले, बाकी सगळे सोफ्याखाली वाकलेले. माझ्या पोटात कावळे कोकलत होते. मी हळूच बाहेर पडले. पौर्णिमा होती, चैत्रातली, चांगला टपोरा चंद्र. गाडीचं दार ओढलं तर आत दिवा लागला आणि मंदारराव दिसले. मांडीवर डबा. हनुवटीवर तूप.

"तुम्ही फोन करायला गेला होतात ना?" मी म्हटलं.

"झाला." ते सरकले. "बसा आई. अजून आहेत."

मी बसले. एक पोळी दोघांनी मिळून संपवली. मग ते म्हणाले, "तुम्हाला बोलावलं ते तिला अडवायला. तुम्ही एकदा तरी बोललात का?"

"तळघरात गेले होते," मी म्हटलं. "ते टेबल बघितल्यावर माझं तोंडच उघडेना. तुम्ही शेवटचं कधी गेलात खाली?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग फाइलचं सांगितलं. ग्रीन कार्डची फाइल सरकेपर्यंत त्यांना नोकरी सोडता येत नाही, सोडली की पहिल्यापासून सुरुवात. साहेब काही बोलला तरी ऐकून घ्यायचं. "ती माझ्यात अडकली आणि मी फाइलीत," ते म्हणाले. "मी एकटा नाही राहू शकत आई. मला साधा भातसुद्धा नीट जमत नाही. म्हणून अडवत होतो. तिच्या भल्यासाठी नाही."

जावई असं बोलतो तेव्हा सासूने काय म्हणायचं असतं, मला माहीत नाही. मी म्हटलं, "भाताला एकास दोन पाणी." ते हसले, आणि डोळे पुसले, तेही तुपाच्या हाताने.

परत आलो तर दार आपोआप बंद झालेलं. मी घंटेकडे हात नेला आणि तेवढ्यात दार सताड उघडलं. आत सगळे उभे, पेले हातात, चेहऱ्यावर भक्तिभाव. त्यांचा एक प्रेषित आहे, एलिया, सुटकेची बातमी घेऊन येणारा. त्याच्यासाठी दरवर्षी या क्षणी दार उघडतात, एक पेलाही भरून ठेवतात. शेकडो वर्षं कोणी आलेलं नाही. आज तिथे सासू-जावई उभे, तोंडाला पुरण.

"It's just Aaji and Baba," रेवा म्हणाली. तिला फार वाईट वाटलं.

मंदारराव उंबऱ्याबाहेरच थांबले. तुपाचे हात वर्ज्य असतील म्हणून असेल. तिथूनच म्हणाले, "गौरी, उद्या सकाळी कॉलेजला फोन कर. येते म्हणून सांग. मी थांबतो इथे." गौरीचा पेला हलला आणि रस टेबलाच्या पांढऱ्या कापडावर सांडला. ती ओरडली, "तू बाहेर जाऊन काय खाऊन आलास?"

जूनमध्ये आम्ही तिघी निघालो. एस्थरबाई निरोपाला आल्या होत्या, सॅमनी रेवाला मात्झा दिला, तिने तो वाटेत सांडत आणला. विमानतळावर मंदाररावांनी माझी बॅग उचलली आणि म्हणाले, "कामगिरी छान पार पाडलीत आई." मी म्हटलं, "चुकीच्या बाईला तिकीट पाठवलंत तुम्ही." रेवा त्यांच्या गळ्यातून सुटेना. शेवटी गौरीने तिचे हात सोडवले. त्यांच्या गोष्टीत राजा दहा संकटांनंतरही पुरता वितळत नाही, सोडल्यावर पाठलाग करतो. आमचा एकाच संध्याकाळी वितळला आणि मागे एकटा राहिला. माझी लेक सुटली याचा आनंद मला आहेच, पण कोकरू कोण झालं हे माझ्या डोक्यात विमानभर घोळत होतं आणि झोप लागली नाही. गल्लीत आता लोक विचारतात, मुलगी परत का आली? मी सांगते, नोकरी लागली म्हणून. पुढे विचारलं तर पुरणपोळी वाढते.

गौरी कॉलेजात पहिल्या दिवशी गेली तेव्हा इथे सकाळ होती. ती फाटकातून बाहेर पडली आणि फोन वाजला. तिकडे रात्र असणार.

"गेली का?" मंदाररावांनी विचारलं.

"आत्ताच गेली."

"कशी दिसत होती?"

मी खरं तेच सांगितलं. "लग्नातल्यापेक्षा चांगली दिसत होती."

पलीकडे काहीच आवाज येईना. एक्सचेंजमधली सवय, मला वाटलं लाइन तुटली. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग ते म्हणाले, "आहे आई. ऐकतोय. परत सांगा."