देवीची कललेली मान

आधी क्षमा मागतो. देवीविषयी लिहावं इतकी माझी भक्ती नाही, आणि उपचारांविषयी लिहावं इतकं शिक्षणही अजून झालेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नाशिकला फिजिओथेरपी शिकतो. तरीही घडलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

निफाडजवळच्या आमच्या गावी आई द्राक्षबागांत कामाला जाते. तिचा उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत ठणकत असे. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. हाडांत दोष नव्हता. नवरात्रात घटावर रोज फुलांची माळ चढते, ती वरच्या दोरीला बांधावी लागते. आईचा हात तिथवर जाईना, म्हणून दोन वर्षं शेजारच्या काकू येऊन माळ बांधत होत्या. आई त्यांना हळदकुंकू लावून हसत निरोप द्यायची आणि मग घटासमोर बसून आपलाच खांदा चोळत राहायची. ते मला बघवत नसे.

स्नायूंत घट्ट गाठी होतात. त्या ट्रिगर पॉइंटवर नेमका दाब दिला की दुखणं सैल होतं, हे मी शिकलो होतो. सुट्टीत तिचा खांदा, दंड दाबत बसायचो. थोडं बरं वाटे, पुन्हा तेच. "एवढं शिकून दाबायलाच शिकला का रं?" आई चेष्टा करायची. मीही हसायचो, पण शिक्षणावरचा माझा विश्वास ढळत चालला होता. खरं सांगायचं तर देवावरचाही.

उन्हाळ्यात तिच्या हट्टाखातर सप्तशृंगीच्या गडावर गेलो. देवीसमोर सगळ्यांचे हात डोक्यावर जोडले गेले, आईचे छातीशीच राहिले. माझे डोळे भरून आले. मागे उभ्या असलेल्या एक अनोळखी आजी म्हणाल्या, "रडतो कशाला बाबा? देवीची मान बघ ना. कलती करून ऐकती हाय ती."

मी पाहिलं. लहानपणापासून देवीचे अठरा हातच बघत आलो होतो. आज मान दिसली. आणि एकदम आठवलं, मांडवाखाली द्राक्षांचे घड विरळताना आई दिवसभर मान वर करून उभी असते. मी फक्त तिचा हात धरून बसलो होतो. मागे वळलो तोवर रांग सरकली होती. आजी काही दिसल्या नाहीत.

आईला आमच्या कॉलेजच्या ओपीडीत आणलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी मानेच्या बाजूचे स्नायू हलकेच चाचपले, एका जागी बोट टेकवलं, आणि आई दचकलीच. "अगं माय! कळ अंगठ्यात गेली की!"

"सापडलं," मॅडम हसल्या. "दुखणं हातात, मूळ मानेत."

मग पावसाळाभर बेताचा दाब, ताणाचे व्यायाम, कामात मधूनमधून मानेला विसावा. हात आधी कानापर्यंत गेला, मग डोक्यापर्यंत.

आजी कोण होत्या, मी शोधत नाही. अभ्यासानंही हे सुचलं असतं असं कुणी म्हटलं, तर वाद घालणार नाही. माझं शहाणपण संपलं तिथे मी हात जोडले आणि वाट दिसली, एवढंच मला ठाऊक. त्या ऋणात राहणं मला आवडतं.

घटस्थापनेला परीक्षेमुळे घरी जाता आलं नाही. सकाळपासून जीव फोनमध्ये. अखेर वडिलांचा, आप्पांचा फोन आला. मागे घंटा वाजत होती.

"काकू आल्या होत्या माळ बांधायला," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईनं त्यांना पाटावर बसवलं, म्हनली तुम्ही नुसतं बघा. पहिली माळ तिनंच बांधली रे. दोन्ही हातांनी."