‘दुपारपाळी’तला ताल

व्यंकटेशच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मागे यंत्रमाग बंद होते. त्या घरातून आलेला शांत फोन मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “भाऊ, हे गेले ओ,” त्या म्हणाल्या. त्याआधीच कळलं होतं...

माझा मित्र व्यंकटेश घरच्या कारखान्यात टॉवेल विणायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. उरलेल्या वेळात त्याने ‘दुपारपाळी’ नावाचा अल्बम केला. सिंथेसायझरवर रचलेली सात गाणी, शब्द अर्धे तेलुगू, अर्धे मराठी, आणि ताल मुद्दाम वगळलेला. ताल मागांनी धरायचा. तो चालू कारखान्यात बसून, मागांच्या गतीला लावून गाणी बांधायचा. त्यामुळे शांत खोलीत ती दात पडल्यासारखी वाटतात. “हे आवडणार कुणाला?” मी विचारलं होतं. “ज्याच्याकडं आवाज आहे त्याला,” तो म्हणाला. “मिक्सर लाव, पिठाच्या गिरणीत उभा राहा, बार्शीच्या एसटीत इंजिनाजवळ बस. तुझं घर लई शांत आहे. तू लग्न कर की आधी.” मी केलं नाही, पण गिरणीत ऐकून पाहिलं. तिसरं गाणं तिथे असं उभं राहिलं, की दळण घ्यायचं विसरलो.

शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने हा अल्बम त्याच्या हयातीत ‘अपूर्ण’ म्हणून परत केला होता. त्याच मंडळाने त्याची शोकसभा घेतली, वातानुकूलित सभागृहात. जन्मभर टॉवेल विणलेल्या माणसाच्या फोटोला शाल पांघरली. मग अध्यक्ष ‘अधुऱ्या स्वप्ना’वर बोलले, आणि तबलजीला बसवून, वर बासरी घालून पहिलं गाणं ‘पूर्ण’ करून ऐकवलं. लोकांनी डोळे पुसले. मला संताप आवरेना. माणूस गेला की त्याचं मत विचारावं लागत नाही, ही सोय कलाप्रेमींना फार लवकर कळते. वर्षश्राद्धाला सगळा अल्बम असाच काढायचा बेत होता. “तुम्ही फक्त हो म्हणा, वहिनी,” अध्यक्ष व्यासपीठावरूनच म्हणाले. समोर दोनशे माणसं असताना बाईने नाही कसं म्हणावं? वहिनी म्हणाल्या, “घरी या. ऐकून ठरवू.”

मागच्या आठवड्यात अध्यक्ष आले. मीही होतो. वहिनींनी त्यांना बैठकीत न बसवता थेट कारखान्यात नेलं, व्यंकटेशच्या स्टुलावर बसवलं आणि चालू मागांमध्ये स्पीकर लावला. त्याचा आवाज खडखडाटावर पाय टाकत वर आला... कुठेही काही कमी नव्हतं. अध्यक्ष कानावर हात ठेवून ओरडले, “जरा मशिनी बंद करा की, गाणं ऐकू द्या.”

“बंद केल्या तर गाणं अर्धंच राहतंय ओ,” वहिनी म्हणाल्या, आणि तुटलेला धागा जोडायला वळल्या.