निळा रंग कोणत्या बाजूला

१४ ऑक्टोबर १९८७. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे होती. त्यामुळे तलावांची यादी लांबलचक, आणि ती सांभाळणाऱ्या एका कार्यालयात नुकताच संगणक आलेला.

तो श्रावणकडे सोपवला होता. श्रावण मूळचा रंगारी. १९७४ साली त्याने अड्याळजवळच्या तलावाच्या तुडुमावर ऑइलपेंटने आकडे काढले होते. तुडूम म्हणजे पाळीतला, म्हणजे तलावाच्या बांधातला, दगडी जिना. एकाखाली एक पाच भोकं, प्रत्येकाला लाकडी बूच. वरची तीन धानासाठी उघडायची, खालच्या दोन भोकांचे पाणी मासेमार ढिवरांच्या मासोळीसाठी राखायचे, असा ठराव होता. तिसऱ्या भोकाखाली श्रावणने तांबडी रेघ ओढली होती.

आता तो पडद्यावर रंगवत होता. आकडे टाइप करताना चुका होत, म्हणून त्याने सरकपट्टी करायचे ठरवले: उभी पट्टी आणि बाणाच्या कळीने वरखाली होणारी मूठ. यंत्रात ती तयार मिळत नसे. मूठ हलली की जुन्या जागेवर आधी काळा रंग फिरवायचा, मगच नव्या जागी मूठ काढायची. नाहीतर पडद्यावर दोन मुठी दिसत. या एका गोष्टीत त्याचे तीन आठवडे गेले. मूठ शेवटच्या उघडलेल्या भोकापाशी ठेवायची; तिच्या वरचा भाग त्याने निळा केला. निळे म्हणजे सोडलेले पाणी.

त्या दुपारी अड्याळची रेवताबाई आली. मासोळीचे बीज तिच्या ढिवर सोसायटीने सोडले होते. ते जगले नाही तर वर्ष वाया. राखीव पाणी शाबूत आहे ना, एवढेच तिला विचारायचे होते. श्रावणने कौतुकाने पडदा दाखवला.

"काहून रे बापू, पाणी वर अन् खाली कोरडं? तुह्या पेटीतल्या मासोळ्या काय झाडावर रायतेत?"

"निळं म्हंजे सुटलेलं पाणी, मावशी."

"सुटलं ते गेलं. त्याले कायले रंगवतेस? हाय ते रंगव ना!"

शेजारच्या टेबलावरचे मोठे बाबू भैयाजी लिहिता लिहिता थांबले. "थांब बे श्रावण. म्या तर तीन भोकांचं पाणी उरलं समजलो! राखीव दोन सोडून एक जास्तीचं, म्हणून पुढचं चौथं बूच काढाची चिठ्ठी बाराच्या गाडीनं गेली ना!"

 तेरा वर्षे श्रावण दगडावर पाण्याचे आकडे रंगवत आला होता, आणि पडद्यासमोर बसताच पाणी कुठे असते तेच विसरला होता.

"चूक माही आहे, भैयाजी," तो म्हणाला. "तसंच लिवा."

भैयाजींनी तसेच लिहिले. चौथे बूच न काढण्याची ती दुसरी चिठ्ठी घेऊन रेवताबाई दोनच्या गाडीने गेली. श्रावणने संध्याकाळपर्यंत मुठीखालचा भाग निळा केला.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: मंगरू चौकीदार पाळीवर बसून होता, पहिली चिठ्ठी खिशात, चौथे बूच जागच्या जागी. बीज जगले. डिसेंबरात श्रावणच्या घरी रेवताबाईकडून रोहू मासा आला.

दोन्ही चिठ्ठ्या फायलीत आहेत. सरकपट्टीच्या प्रोग्रामची फ्लॉपी सापडलेली नाही. चौकीदाराच्या वहीत त्या दिवशी "चौथे बंद" इतकेच आहे. मंगरू तांबड्या रेघेपाशी थांबला, की नुसताच जेवायला बसला होता, हे श्रावणने त्याला कधी विचारले नाही. आणि मंगरूने कुणाला सांगितल्याची नोंद नाही.