विलायती बाईचं नाक

दस्तगीर मास्तर चित्र काढताना समोर बसलेल्या माणसाकडे फारसं बघत नसत. गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलेलं असे आणि मास्तरांची नजर त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. तिथे एका विलायती बाईचं तैलचित्र टांगलेलं होतं. कुणा जुन्या युरोपी चित्रकाराच्या चित्राची ती नक्कल, मास्तरांनी तरुणपणी एका सरदारांच्या बंगल्यात दोन वर्षं खपून केलेली. कोल्हापुरात नवे महाराज गादीवर आले होते, गुणी माणसं दरबारात खेटे घालत होती. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. "माझी उस्ताद हितंच हाय, भिताडावर," म्हणत.

मी त्यांच्याकडे व्यक्तिचित्र शिकायला गेलो तेव्हा विशीत होतो. तीन वर्षं त्यांनी मला त्या बाईशिवाय दुसरं काही काढू दिलं नाही. कॅनव्हासवर चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. नुसत्या कपाळावर माझे चार महिने गेले. एकदा धीर करून विचारलं, "मास्तर, जिवंत माणूस काढू का?"

"जित्ता माणूस हालतोय," ते म्हणाले. "आत्ता हासतोय, मग रडतोय. जे हालत न्हाय, त्येच्याकडनं शिकायचं."

मी इतका इमानी, की चित्रावर माशीने केलेला ठिपकाही उतरवून काढला. मास्तर खूश झाले. "आता जमाय लागलं की तुला."

त्यांनी रंगवलेल्या गावातल्या प्रत्येक शेटजीच्या आईला त्या विलायती बाईचं नाक असे. तक्रार कुणी केली नाही. सरळ नाक कुणाला नको असतं?

दुपारी मास्तरांच्या पत्नी, चाची, ताट घेऊन येत. मी मान खाली घालून ते घ्यायचो. परक्या घरच्या बाईकडे वर तोंड करून बघायचं नाही, हे आईने लहानपणापासून बजावलं होतं. "पोटभर खा बाबा, रंगानं पोट भरत न्हाय," एवढंच चाची म्हणत आणि आत जात.

मग प्लेग आला. घरांना कुलपं घालून लोक माळावर झोपड्यांत राहायला गेले. तिथेच तिसऱ्या दिवशी चाची वारल्या. मातीला आम्ही मोजून पाच माणसं होतो.

गावात परत आल्यावर मास्तरांनी नवा कॅनव्हास ताणला. चाचींचं चित्र त्यांनी कधी काढलं नव्हतं आणि फोटो तर नव्हताच. घरचंच माणूस, कधीही काढू, असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं. महिनाभर त्यांचं दार बंद होतं. मग एके दिवशी मला बोलावणं आलं.

कॅनव्हासवर चाचींची हिरवी ओढणी होती आणि त्या ओढणीत ती विलायती बाई. भिंतीला टेकून आणखी चार कॅनव्हास होते. प्रत्येकावर तीच.

"हात ऐकंना झालाय," मास्तर म्हणाले. "डोळं मिटलं तरी हीच म्होरं येती. तू तीन वर्सं तिच्या हातचं खाल्लंस. सांग की, नाक कसं हुतं तिचं?"

काहीतरी खोटं सांगावं, असं मनात आलं. पण त्यांच्या हातात ब्रश तयार होता, मी सांगीन ते नाक ते काढणार होते.

"मास्तर, मी कधी वर बघितलंच नाही."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. आईने लावलेल्या वळणाची लाज मला आयुष्यात त्या एकाच दिवशी वाटली.

मला आठवत होते ते फक्त हात. घरी जाऊन मी तेवढेच काढले, चौकटी न आखता. ताट धरलेले दोन हात, काचेच्या बांगड्या, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तव्याने भाजल्याचा जुना डाग. दुसऱ्या दिवशी चित्र मास्तरांना नेऊन दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट त्या डागावर ठेवलं. रंग अजून ओला होता, तो त्यांच्या बोटाला लागला.

"ह्ये कवा भाजलं हुतं तिला?" त्यांनी मला विचारलं.